सूर्य डोक्यावर, देव जमिनीखाली

जिन्यातून वर येता येता आधी ढोल ऐकू येतो. माणसं नंतर दिसतात. मेट्रोच्या शेवटच्या पायरीवर पाऊल पडतं आणि उन्हाने डोळे आपोआप मिटतात. उघडतात तेव्हा समोर सोकालो पसरलेला असतो. मेक्सिको शहराचा मुख्य चौक. ऐसपैस फरसबंदी, मधोमध प्रचंड ध्वज, उत्तरेला कॅथेड्रल, पूर्वेला लांबलचक राजवाडा. सावली हवी तर ध्वजाच्या खांबाची. त्या अरुंद पट्ट्यात माणसं एकामागे एक, ओळीने उभी आहेत. खांबाची सावली सरकते तशी ओळही सरकते.

मे महिन्याचा तिसरा आठवडा. शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचावर आहे. घाम फारसा येत नाही, पण ऊन थेट कातडीला भिडतं. पावसाळ्याने अजून जोर धरलेला नाही. दुपारनंतर ढग जमतात, कधी बरसतात, कधी तसेच निघून जातात.

कॅथेड्रलच्या अंगाला नर्तकांचं रिंगण आहे. डोक्यावर हातभर लांब पिसांचे मुकुट, पोटऱ्यांना वाळक्या बियांच्या कवचांच्या माळा. पाय आपटला की सगळी कवचं एकदम खळखळतात. ढोल उभा, खोड कोरून केलेला, वर कातडं ताणलेलं. एक पोरगा तो काठ्यांनी बडवतोय. मध्येच एक जण शंख उचलतो. चारही दिशांना वळून चारदा फुंकतो. आवाज कॅथेड्रलच्या दगडावर आपटून मागे येतो. पलीकडे खाकी गणवेशातला माणूस जुन्या बाजाचा दांडा फिरवतोय आणि त्याचा सोबती टोपी पुढे करून सुटे पैसे मागतोय. दोन्ही सूर एकमेकांत घुसतात. कुणीच थांबत नाही.

धूर मात्र सगळ्यांना सारखा लागतो. कोपालचा धूर. झाडाचा डिंक वाळवून केलेले पिवळट खडे निखाऱ्यावर पडतात, तडतडतात, पांढरा लोट वर चढतो. वासात धूप आहे आणि थोडंसं लिंबूही. या धुरासमोर रांग आहे. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेला तरुण, कडेवर बाळ घेतलेली आई, दोन शाळकरी मुली, काठी टेकत आलेले आजोबा. मुकुट घातलेली बाई तीन पायांचं मातीचं धुपाटणं हातात घेऊन एकेकाच्या डोक्यापासून पावलांपर्यंत धूर फिरवते. मग सब्जाची ओली जुडी उचलते आणि खांद्यांवर, पाठीवर, तळहातांवर झटके मारते. पानं तुटून फरशीवर पडतात. आजोबांच्या गुडघ्यापाशी ती जास्त वेळ थांबते. काहीतरी पुटपुटते. आजोबा डोळे मिटून उभे. त्यांचे ओठही हलतायत, आणि हात मात्र छातीवर क्रूसाची खूण करतोय.

मी रांगेच्या बाजूने पुढे सरकते. वर ध्वज फडफडतो. त्यावर फड्या निवडुंगावर बसलेला गरुड आहे. मेशिका लोकांना, म्हणजे जग ज्यांना ॲझ्टेक म्हणतं त्यांना, देवाने दिलेली खूण हीच होती. असा गरुड दिसेल तिथे थांबा. तो दिसला तेस्कोको सरोवरातल्या एका दलदलीच्या बेटावर. १३२५ हे त्याचं साल धरतात. बेटावर तेनोच्तित्लान उभं राहिलं, कालव्यांचं आणि बांधांचं शहर. आता सरोवर नाही, बेट नाही. चौकाच्या कडेला एक बाई फुटपाथवर बसून निवडुंगाच्या पानांचे काटे सुरीने खरवडतेय. शेजारी तव्यावर निळ्या मक्याच्या लंबगोल जाड भाकऱ्या, आत घेवड्याचं सारण. सुरी पानावरून सर्रकन जाते, काटे तिच्या फडक्यावर गळतात. तिच्या बोटांना एकही टोचत नाही.

कॅथेड्रलला वळसा घातला की जमीन अचानक खाली जाते. कठड्याखाली काळपट दगडांचे थर उघडे पडलेत. हेच टेम्प्लो मायोर. मेशिकांचं महामंदिर. दाराशी आणखी एक रांग. रविवारी इथल्या रहिवाशांना तिकीट नसतं, त्यामुळे रांग वळणं घेत चौकापर्यंत आलेली असते. छत्र्या उन्हासाठी उघडलेल्या. बर्फाचा गोळा विकणारा रांगेच्या वेगानेच चालतो. पुढच्या आजी नातवाच्या डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी घालतात. तो काढून टाकतो. त्या पुन्हा घालतात.

रांग हलत नाही, म्हणून मी खाली पाहते. सावली बुटांखाली शिरलीय. हे शहर आणि आपलं पैठण जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेएकोणीस अंशांच्या आसपास. वर्षातून दोनदा सूर्य इथेही बरोबर माथ्यावर येतो. मे महिन्याच्या मध्यानंतर एकदा, जुलैच्या अखेरीस दुसऱ्यांदा. घड्याळात साडेबारा होतायत. कठड्याच्या गजांची सावली गजांच्या मुळाशीच संपलीय. सूर्याची हालचाल इतक्या बारकाईने मोजणारे लोक याच जागी राहत होते, आणि तो उद्या हलेल याची त्यांना खात्री नव्हती. त्यांचा सगळा धर्म या एका धास्तीतून उगवलाय असं मला इथे उभं राहिल्यावर वाटतं.

आत लोखंडी पुलांवरून चालायचं. पावलं खणखणतात. खाली मंदिर आहे, पण एक नाही. एकावर एक चढवलेली सात मंदिरं. नवा राजा आला, मोठी लढाई जिंकली, की जुनं मंदिर न पाडता त्याच्याभोवती नवं बांधायचं. कापल्यासारख्या उघड्या पडलेल्या बाजूने पाहिलं की जिन्यामागे जिना दिसतो, भिंतीमागे भिंत. शेवटचं मंदिर सुमारे ४५ मीटर उंच होतं. स्पॅनिश सैन्याने ते पाडलं आणि त्याचे दगड नव्या शहरात वापरले. आता दिसणाऱ्यांतलं सगळ्यात आतलं, १३९० च्या सुमाराचं मंदिर मात्र मातीखाली राहिल्याने वाचलं. मी त्याच्यासमोर येते. पत्र्याच्या छपराखाली दोन गाभारे शेजारी शेजारी. डावीकडे पावसाचा देव त्लालोक. उजवीकडे युद्धाचा आणि सूर्याचा देव हुइत्झिलोपोच्तली. एक पाणी देणारा, एक कर आणि कैदी मिळवून देणारा. शहराचं पोट या दोघांवर चालायचं, म्हणून डोंगराएवढ्या चौथऱ्यावर दोघांनाही सारखी जागा.

त्लालोकच्या दारात दगडी माणूस उताणा रेललाय. कोपरं टेकलेली, गुडघे वर, मान वळवलेली, पोटावर नैवेद्याचं भांडं. अंगावर अजून रंग आहे. लाल, निळा, काळा. सहाशे वर्षं होऊन गेलीत. शेजारच्या दारात गुडघ्याएवढा काळा दगड रोवलाय. नुसता दगड, नक्षी नाही. यावर माणसाला उताणं ताणून छाती उघडायचे.

“आजी, ते लाल रक्त आहे?” वर्तमानपत्राच्या टोपीवाला मुलगा विचारतो.

“रंग आहे, बाळा.”

“आणि त्या दगडावर?”

आजी क्षणभर त्याच्याकडे बघतात. “तिथे होतं. आता नाही.”

मागचे लोक पुढे रेटतात. पूल अरुंद आहे.

खालच्या अंगणात सापांची भलीमोठी डोकी जिन्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. जवळच छोट्या ओट्यावर दोन दगडी बेडूक आभाळाकडे तोंड करून बसलेत. बेडूक ओरडला की पाऊस येतो, हे इथेही माहीत होतं. मुलं त्यांच्याकडे बोट दाखवून हसतात. बेडकांपासून काही पावलांवर, त्लालोकच्या बाजूलाच, उत्खननात एक दगडी पेटी सापडली. तिच्यात ४२ मुलांचे अवशेष होते. बहुतेक दोन ते सात वर्षांची. अंगावर हिरव्या मण्यांचे दागिने. ही पेटी १४५४ च्या आसपासची मानतात. तेव्हा इथे सलग काही वर्षं पीक बुडालं होतं, लोक मक्यासाठी स्वतःला विकत होते. त्लालोकला मुलं द्यायची प्रथा होती. ती वाटेत रडली तर चांगलं, कारण अश्रू म्हणजे पाऊस. मी ही गोष्ट अनेकदा वाचलीय. तरी इथे, कोरड्या दगडावर उन्हात उभं राहून, ती माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

पुढे हुइत्झिलोपोच्तलीच्या जिन्याचा पायथा. इथे लोक जास्त वेळ थांबतात. १९७८ च्या फेब्रुवारीत रस्त्याच्या कोपऱ्यावर विजेची तार टाकायला खणणाऱ्या कामगारांची कुदळ एका कोरीव दगडाला लागली. वर आली ती सव्वातीन मीटर व्यासाची, सुमारे आठ टनांची तबकडी. तिच्यासाठी मग तेरा इमारती उतरवल्या गेल्या आणि मंदिर पुन्हा दिसलं. मूळ दगड आता शेजारच्या संग्रहालयात आहे. वरच्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून पाहिलं की पूर्ण दिसतो. बाई आहे. गालांवर घंटा. डोकं धडावेगळं, हात वेगळे, पाय वेगळे, आणि तरी सगळे अवयव असे वळवलेत की ती धावतेय असं वाटतं. पोटाला सुरकुत्या आहेत. मुलं झालेल्या बाईच्या पोटाला असतात तशा. कारागिराने हे पाहिलं होतं आणि दगडात सोडलं नाही.

ही कोयोलशाउकी. तिची आई कोआत्लिक्वे सर्पपर्वतावर झाडत होती. आभाळातून पिसांचा गोळा पडला, तिने कमरेशी खोचला आणि तिला दिवस गेले. मुलीला ही बेअब्रू वाटली. चारशे भावांना घेऊन ती आईला मारायला डोंगर चढली. त्याच क्षणी पोटातून हुइत्झिलोपोच्तली जन्मला, हातात अग्निसर्प घेऊनच. त्याने बहिणीचं डोकं उडवलं आणि धड डोंगरावरून खाली लोटलं. सूर्य रोज सकाळी तारे आणि चंद्र हटवतो, ते हेच, असं बरेच अभ्यासक मानतात. मंदिर म्हणजे तो डोंगर. पायथ्याशी ती पडलेली. वरून लोटलेली बळी दिलेली शरीरं घरंगळत याच दगडापाशी यायची. कथा सांगून संपत नव्हती, ती पायऱ्यांवर पुन्हा पुन्हा घडत होती.

किती माणसं? हा प्रश्न रांगेत कुणी ना कुणी विचारतंच. एका जुन्या इतिवृत्तात १४८७ च्या, वाढवलेल्या मंदिराच्या चार दिवसांच्या सोहळ्यासाठी ८०,४०० हा आकडा आहे. चार दिवसांत ते शक्यच नाही, असं आजचे अभ्यासक म्हणतात, आणि मलाही पटतं. पण आकडा फुगवलेला आहे म्हणून बाकी सगळं खोटं ठरत नाही. उत्तरेच्या ओट्यावर २४० दगडी कवट्या ओळीने बसवल्यात. त्यांच्याकडे पाठ करून पर्यटक फोटो काढतात. इथून जवळच, कॅथेड्रलच्या मागच्या रस्त्यावरच्या एका जुन्या घराखाली, २०१५ मध्ये खऱ्या कवट्यांचा गोल बुरूज सापडला. सहाशेहून जास्त कवट्या मोजून झाल्यात. चुन्यात बसवलेल्या. त्यांत बायका आहेत, मुलं आहेत.

याच मे महिन्यात तोश्कात्लचा सण यायचा. तेझ्कात्लिपोका या देवासाठी. वर्षभर आधी एक देखणा कैदी निवडत. अंगावर डाग नसलेला. त्याला बासरी शिकवत, बोलायला, फुलं कशी धरायची तेही शिकवत. वर्षभर तो या रस्त्यांवरून फिरे. लोक त्याच्यापुढे वाकत, माती कपाळाला लावत, कारण तो देवच होता. शेवटच्या दिवशी तो आपल्या पायांनी एका छोट्या देवळाची पायरी चढायचा. प्रत्येक पायरीवर एक बासरी मोडायची. वर पुजारी थांबलेले. १५२० च्या तोश्कात्लला याच आवारात नाचणाऱ्या, नि:शस्त्र मेशिकांना स्पॅनिश सैनिकांनी दारं अडवून कापलं. पहिला घाव ढोल वाजवणाऱ्यांवर पडला, असं पुढे लिहिलेल्या आठवणींत आहे. पुढच्या वर्षी १३ ऑगस्टला शहर पडलं. आताही ढोल भिंतीपलीकडून येतोच आहे.

संग्रहालयात गारवा आहे. लोक आधी गारव्यासाठी थांबतात, मग बघतात. तळमजल्यावर पृथ्वीदेवता त्लाल्तेकुत्ली उताणी पसरलीय. ४ मीटरहून लांब, १२ टन, चार तुकड्यांत, अंगावर लाल-गेरूचा रंग टिकून. २००६ मध्ये सापडली. ती सूर्याला रोज संध्याकाळी गिळते आणि सकाळी परत जन्म देते. मी तिथे फार थांबत नाही. मला वरच्या काचपेट्या जास्त ओढतात. मंदिराखाली दोनशेहून जास्त नैवेद्य पुरलेले सापडलेत, त्यांतले काही इथे मांडलेत. समुद्राची वाळू. प्रवाळ. शिंपले, शंख, करवतमाशाची चोच. दोन्ही किनाऱ्यांवरून, माणसांच्या पाठीवरून, डोंगर चढून आणलेले. ओझी वाहायला त्यांच्याकडे जनावर नव्हतं. तळाशी समुद्र, मग जमिनीचे प्राणी, वर देवाची मूर्ती. दगडाच्या पेटीत आख्खं विश्व रचून ते जमिनीत ठेवत. या लोकांबद्दल लिहिताना जे फक्त सुरा आणि छाती सांगून थांबतात त्यांचा मला राग येतो. इथे एका पेटीत बोटाच्या पेराएवढा शिंपला आहे. कुणीतरी तो वाळूत आडवा, नीट, वेळ घेऊन ठेवलाय.

मेट्रोत खाली उतरते. एक स्टेशन, पिनो सुआरेस. गाडी बदलायला शेकडो माणसं बोगद्यातून चालतायत. मोबाइलची कव्हरं, च्युइंग गम, दहा पेसोंची बॅटरी. गर्दी एका वळणावर जरा रुंद होते, कारण मधे खड्डा आहे आणि खड्ड्यात गोल दगडी वेदी आहे. वाऱ्याचा देव एहेकात्लची. १९६७ मध्ये मेट्रोसाठी खोदताना निघाली. हलवली नाही, स्टेशन तिच्याभोवती बांधलं. एहेकात्लची देवळं गोल असायची, वाऱ्याला कोपऱ्यावर अडायला नको म्हणून. एक मुलगी कठड्याला टेकून टाचेचा बूट नीट करते आणि पळते. गाडी येताना बोगद्यातून वारा आधी येतो.

चापुल्तेपेक स्टेशनला उतरून झाडाखालून चालत मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात. अंगणात एकाच खांबावर तोललेलं छत, त्यातून पाणी कोसळतंय. मुलं भिजतायत. मेशिकांच्या दालनाच्या टोकाला सूर्यशिला. ३.६ मीटर व्यास, २४ टन. १७९० च्या डिसेंबरात सोकालोत सापडली, मग जवळजवळ शंभर वर्षं कॅथेड्रलच्या मनोऱ्याला टेकवून ठेवलेली होती. समोर शाळेची सहल जमिनीवर बसलीय. बाई सांगतायत. आधीची चार जगं, चार सूर्य. एक जग वाघांनी खाल्लं, एक वाऱ्याने नेलं, एकावर आगीचा पाऊस पडला, एक पाण्यात बुडालं. आपण पाचव्यात.

“पाचवा सूर्य कुणी केला?”

“नानावात्सिन!” मागून एक मुलगी.

देव तेओतिवाकान नावाच्या जागी अंधारात जमले. सूर्य व्हायला आगीत उडी घ्यायची होती. श्रीमंत देव चारदा पुढे गेला, चारदा मागे सरला. अंगभर फोड असलेला गरीब नानावात्सिन पहिल्याच खेपेला उडी घेऊन मोकळा झाला. लाजून श्रीमंतही मागून गेला. दोन सूर्य उगवले, तेव्हा एका देवाने दुसऱ्याच्या तोंडावर ससा फेकून त्याचं तेज कमी केलं. चंद्रावर ससा इथल्या मुलांनाही दिसतो. पण सूर्य जागचा हलेना. मग बाकीच्या देवांनी आपला जीव दिला, एहेकात्लने वारा सोडला, आणि तो चालू लागला. देवांनी आधी दिलं. माणसांनी ते फेडत राहायचं. कान टोचून, जीभ टोचून, मक्याचा पहिला दाणा देऊन, आणि माणूसही देऊन. दर ५२ वर्षांनी दोन पंचांगं एकत्र येत तेव्हा शहरातली प्रत्येक चूल विझवायचे आणि डोंगरावरून कृत्तिका माथ्यावरून सरकतात का ते बघत बसायचे. सरकल्या की नवी आग. शेवटची १५०७ ची. बाई गोष्ट संपवतात. मुलं उठतात, चपला शोधतात.

डावीकडे कोआत्लिक्वे. झाडणारी ती आई. अडीच मीटर दगड, सापांचा घागरा, गळ्यात हातांची आणि काळजांची माळ, डोक्याच्या जागी समोरासमोर दोन साप. पायाखालीसुद्धा कोरलंय, जिथे उभ्या मूर्तीत कुणालाच दिसणार नाही. हीसुद्धा १७९० ची, ऑगस्टमधली. विद्यापीठाच्या अंगणात ठेवली, तर लोक गुपचूप फुलं आणि मेणबत्त्या घेऊन येऊ लागले. म्हणून परत पुरली.

बाहेर रस्त्याकडेला त्लालोकचा अर्धवट घडलेला राक्षसी दगड उभा. सात मीटर, सुमारे १६८ टन. काही जण त्याला जलदेवी म्हणतात. १९६४ च्या एप्रिलमध्ये कोआत्लिंचान गावातून आणला, गावकऱ्यांचा विरोध असताना. कोरड्या हंगामात, तो शहरात शिरला त्या रात्री धो धो पाऊस पडला. जुनी समजूत अशी की त्लालोककडे पाण्याची चार भांडी आहेत. एकातलं पाणी मका पिकवतं. दुसऱ्यातलं कणसं कुजवतं, तिसऱ्यातलं गोठवतं, चौथ्यातलं दाणा भरू देत नाही.

पश्चिमेला काळं झालंय. पहिले थेंब मोठे, अंतर ठेवून पडतात. फुगेवाला फुगे खाली ओढतो. मक्याचे उकडलेले दाणे विकणारी बाई गाडीवर प्लास्टिक टाकते, मग तळहात बाहेर काढून थोडा वेळ तसाच धरते.

“गारा नाहीत,” ती शेजारच्या पोराला सांगते. “नुसतं पाणी आहे. दे त्यांना, लिंबू जास्त पीळ.”